नवरदेवाचं लोखंड

चंपाआत्याने फ्रिजवरचा कैरीच्या आकाराचा लोहचुंबक काढला आणि भाड्याने आणलेल्या कट्यारीला लावला. चुंबक घसरून पाटावर पडला. तिने पुन्हा लावला, तो पुन्हा पडला. मग तिने चष्मा कपाळावर चढवला आणि भटवाडीतल्या त्या दोन खोल्यांत जमलेल्या सगळ्या गोतावळ्याकडे नजर फिरवली. सगळ्यांनी मिळून तिला फसवायचा कट केला असावा, अशी ती नजर होती.

"ह्यां पितळ आसा," आत्या म्हणाली.

हर्षदच्या अंगाला तेव्हा नुकती हळद लागली होती. उघड्या अंगाने पाटावर बसून तो गारठला होता. "पितळ तर पितळ. आत्या, ती फोटोसाठी आहे. फेट्याबरोबर फुकट आलीय."

पण आत्याशी असं बोलून चालत नसे. हळद लागलेल्या नवरदेवाजवळ लग्न लागेपर्यंत लोखंड हवं, टोकाला लिंबू टोचलेलं, म्हणजे कुणाची नजर लागत नाही, भूतखेत फिरकत नाही. ही रीत आत्या कुडाळहून घेऊन आली होती आणि गेली चाळीस वर्षं घाटकोपर ते मालाड पसरलेल्या सगळ्या भावकीत ती तिनेच राबवली होती. हर्षद एका कंपनीत लिफ्टच्या देखभालीचं काम बघायचा. दिवसभर लोखंडातच असतो, म्हणजे मला भूत लागण्याचा प्रश्नच नाही, असं त्याने सांगून पाहिलं. आत्याने ते ऐकलंच नाही.

"घरात लोखंडाची सुरी नाय? स्वयंपाकघरातली नको, तिका कांद्याचो वास."

तेव्हा नलिनीने पर्स उघडली आणि आपला चाकू काढून पाटावर ठेवला.

नलिनी म्हणजे हर्षदची मोठी बहीण. मरोळच्या एका गोदामात पार्सलं बांधायच्या कामावर ती सुपरवायझर होती. हा चाकू तिने घाटकोपर स्टेशनबाहेरच्या हार्डवेअरच्या दुकानातून एका मिसळपावच्या किमतीत घेतला होता. लाल मुठीचा, घडीचा, मिटला की तळहातात मावणारा आणि उघडला की बोटाएवढं पातं. दुकानदाराने गॅरंटी नाही म्हणून बजावलं होतं, त्याला आता सहा वर्षं होत आली. गोदामातले खोके, चिकटपट्ट्या, नव्या कुर्त्याचं लेबल, डब्यातला पेरू आणि ऑफिसातल्या यच्चयावत वाढदिवसांचे केक त्या एका चाकूने कापले जायचे. नलिनीच्या पर्समध्ये चाकू आहे यावरून सगळे तिची चेष्टा करत आणि आयत्या वेळी सगळे तिच्याकडेच हात पसरत. हल्ली तिने चेष्टेचं वाईट वाटून घेणं सोडलं होतं.

आत्याने चुंबक जवळ नेला. तो टक्‌ करून पात्याला चिकटला. सगळे हसले, आत्या सोडून.

"तू पर्सीत सुरी घेवन फिरतंस?" तिने विचारलं.

"लागते गं कामाला."

आत्याने चाकू उलटासुलटा करून पाहिला. लोखंड खरं होतं, पण ते नलिनीचं होतं, आणि तिथेच आत्याचं घोडं अडत होतं. नलिनी लग्न करून बोरिवलीला गेली होती. तिथे नवऱ्याचा हात उठायचा. एकदा सोसलं, दुसऱ्यांदा सोसलं, तिसऱ्यांदा तिने बॅग भरली आणि घरी निघून आली. पुढे रीतसर सोडचिठ्ठी झाली. आई तोवर गेलेली, हर्षद शाळेत. त्याचा डबा, त्याचा अभ्यास, त्याचा तापटपणा, सगळं तिने निस्तरलं. आणि आता त्याच्या लग्नात तिला एकच गोष्ट हवी होती. करवली व्हायचं होतं. हातात दिवा घेऊन भावाच्या पाठीशी उभं राहायचं होतं. त्यासाठी तिने जांभळी नारायणपेठ घेतली होती, आणि ती नेसून आरशासमोर ताम्हण धरून उभी राहिली होती, घरात कुणी नसताना.

आत्याचं म्हणणं वेगळं होतं. "करवली सवाष्ण व्हयी, नायतर कुवार चेडू. रीत आसा ती."

कुवार चेडू म्हणजे आत्याची स्वतःची मुलगी श्रुतिका. ती बिचारी कॉलेजात होती आणि तिला दिवा धरण्यापेक्षा रील काढण्यात जास्त रस होता. हर्षद म्हणाला, करवली ताईच होणार. आत्या म्हणाली, मग मी येत नाही. राजाराम, म्हणजे या दोघांचे वडील आणि आत्याचे धाकटे भाऊ, म्हणाले, "बघूया मांडवात." गिरणी बंद पडली तेव्हाही ते बघूयाच म्हणाले होते. भांडण मिटवायची त्यांची हीच तऱ्हा होती, आणि त्यामुळे त्यांचं एकही भांडण कधी मिटलं नव्हतं.

चाकू देवापुढे ठेवला गेला, त्याला हळदकुंकू लागलं, टोकाला लिंबू टोचलं आणि तो हर्षदच्या हाती गेला. करवलीचं तेवढं मांडवावर लोंबकळत राहिलं.

*

लग्न अंधेरीला, चकाला मेट्रोपासून पाच मिनिटांवरच्या एका हॉलमध्ये होतं. वऱ्हाडाची बस सकाळी वेळेत निघाली. गाणी झाली, चिवडा फिरला, आणि असल्फ्याच्या पुढे येऊन बस जी थांबली ती थांबलीच. पुढे गाड्याच गाड्या. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं आणि चप्पल काढून पाय वर घेतले, तेव्हा जाणत्यांनी ओळखलं की वाट लागली.

डोक्यावरून मेट्रो धडधडत अंधेरीकडे जात होती. श्रुतिकाने खिडकीतून वर पाहिलं आणि म्हणाली, "आपण हिनेच का नाही जात?"

मग काय, शालू, सफारी, फेटे, आहेराच्या पिशव्या आणि आत्याचे गुडघे असं अख्खं वऱ्हाड सरकत्या जिन्याने वर गेलं. लोक थांबून बघत होते, पोरं फोटो काढत होती. हर्षदच्या मुंडावळ्या वाऱ्यावर उडत होत्या आणि त्याच्या हातात लिंबू टोचलेला लाल चाकू होता. सामान तपासायच्या यंत्रापाशी जी सुरक्षारक्षक बाई उभी होती, तिने आधी नवरदेवाकडे पाहिलं, मग हाताकडे. तिच्या छातीवर 'संघमित्रा' अशी पट्टी होती.

"अभिनंदन," ती म्हणाली. "हे काय आहे?"

"लोखंड," हर्षद म्हणाला. "नजर लागू नये म्हणून."

"लिंबू चालेल. चाकू नाही."

राजारामांनी हात जोडले. आत्याने रीत सांगितली, सविस्तर, कुडाळपासून. संघमित्राने सगळं मन लावून ऐकून घेतलं. "मावशी, माझ्या भावाच्या लग्नाला मानखुर्दहून आलेल्या पाहुण्यांचं सामानही मी स्वतः या यंत्रातून काढलंय. कुणाला सूट नाही. वर कॅमेरा आहे, माझी नोकरी आहे. चाकू खाली ठेवून या, पाचव्या मिनिटाला सगळ्यांना गाडीत बसवते."

"अंधेरीला दुसरा चाकू घेऊ," राजाराम म्हणाले.

"दुसरो कसो चलात? देवापुढे ठेवलेली तीच व्हयी. ती सोडूक जमाचां नाय." आत्याचं बोट हवेत होतं. मग ते हळूहळू नलिनीकडे वळलं, आणि तिचा आवाज एकाएकी मऊ झाला. "नलू, तूच रव. सुरी तुझीच. तुका रस्तो म्हायती आसा, कामाक त्याच बाजूक जातंस. रिक्षा मिळात. सावकाश ये."

नलिनीला सगळ्यात जास्त लागला तो 'सावकाश' हा शब्द. आत्याचा सुंठीवाचून खोकला जात होता, आणि तोही नलिनीच्याच चाकूने.

"आणि करवली?" हर्षदने विचारलं.

"श्रुतिका आसा मा."

"मग मी पण जात नाही. ताईबरोबर येतो."

मागे रांग लागली होती. कुणीतरी "चला ना यार, ऑफिस आहे" म्हणून ओरडलं. नलिनीने भावाकडे पाहिलं. हा आता इथेच भांडत बसणार आणि मुहूर्त टळणार, मग त्याचंही खापर तिच्याच डोक्यावर फुटणार, हे तिला स्पष्ट दिसलं. तिने त्याच्या हातून चाकू घेतला, लिंबू काढून त्याच्या मुठीत कोंबलं आणि पातं मिटलं.

"जा," ती म्हणाली. "गार्गी वाट बघतेय. मी येते मागून."

हर्षद काहीतरी बोलेल असं तिला वाटलं. तो बोलला नाही. लहानपणापासून त्याची रीत अशी, की ओरडत असला की काळजी नको, गप्प झाला की जपून राहायचं. तो लिंबू धरून यंत्राच्या पलीकडे गेला आणि मागे वळूनही पाहिलं नाही. राजाराम थांबतो म्हणाले. "बाबा, तुम्ही मुलाचे वडील आहात," असं म्हणून तिने त्यांनाही आत ढकललं.

"ताई," संघमित्रा हलक्या आवाजात म्हणाली, "रिक्षा इथे मिळणार नाही. साकीनाक्यापर्यंत चालत जा. घोळ तिथेच आहे म्हणतात."

*

नलिनी जिना उतरली आणि चालू लागली. पायांत नव्या चपला, अंगावर नऊ ठिकाणी पिना लावलेली साडी, आणि मनात राग. राग आत्यावर होता, बाबांच्या बघूयावर होता, आणि सगळ्यात जास्त स्वतःवर होता, कारण पर्समधून चाकू तिनेच काढला होता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते यालाच.

फोन वाजला. श्रुतिका होती. "ताई, धमाल चाललीय. आई दादाला म्हणतेय, हो दांडो धर, लोखंडाचो आसा, सोडू नको. तो दांडा धरून उभा आहे. सीट मिळाली तरी बसू देत नाहीये त्याला."

नलिनीला हसू आलंच. "तो काय म्हणतोय?"

"काहीच नाही. लिंबाकडे बघतोय."

साकीनाक्याच्या अलीकडे, मेट्रोच्या पुलाखाली, त्या कोंडीचं तोंड सापडलं. रात्री कुणा भाऊंच्या वाढदिवसाचा भला मोठा फ्लेक्स दोन खांबांमध्ये बांधला होता. सकाळी त्याची एक बाजू सुटली आणि तो खालून जाणाऱ्या टेम्पोच्या मागच्या चाकात गेला. टेम्पो प्लास्टिकच्या खुर्च्यांनी भरलेला. चाकात नायलॉनची दोरी गच्च आवळलेली, तिच्यावर फ्लेक्सचे वेढे, आणि टेम्पो दोन्ही रांगा अडवून आडवा. भोवती पंधरा-वीस पुरुष उभे राहून उंटावरून शेळ्या हाकत होते. एक म्हणे रिव्हर्स घे, एक म्हणे पुढे घे, एकजण नुसता "थांब थांब" म्हणत होता. टेम्पोवाला, पांढऱ्या मिशांचा आणि लाल टोपी घातलेला, चाकाशी बसून दाताने दोरी ओढत होता.

"कुणाकडे ब्लेड नाही?" नलिनीने विचारलं.

"पानवाल्याकडे कात्री हाय की," टेम्पोवाला म्हणाला. "ह्यो कापू देत न्हाई." त्याने बोट दाखवलं ते गळ्यात ओळखपत्र अडकवलेल्या एका तरुणाकडे. हा विकी, भाऊंचा कार्यकर्ता. वेढ्यांमध्ये भाऊंचा चेहरा अडकला होता, एक डोळा आणि निम्मी मिशी बाहेर. विकी त्याच्यापुढे हात पसरून उभा होता.

"संध्याकाळी भाऊ इथूनच जाणार. फोटो फाटलेला दिसला तर माझी वाट लागेल."

"आणि आत्ता ॲम्ब्युलन्स आली तर?"

"दोरी सोडवा ना, कापता कशाला?"

गोदामात रोज असली डोकी भेटत असत, त्यामुळे नलिनी वाद घालत बसली नाही. तिने चाकू काढला आणि उघडला. मुठीवर हळदीचे डाग होते. "हे बघ, मी फोटो फाडणार नाही. आधी दोरी कापते, मग चेहऱ्याच्या भोवतीने कापते. भाऊ अख्खे तुझ्या हातात देते. चालेल?"

विकीने विचार केला. मागे हॉर्नचा गोंगाट वाढला. "मिशी गेली तर?"

"मिशी राहील."

तिने पदर कमरेला खोचला आणि भर रस्त्यात चाकापाशी बसली. नायलॉन ओढून ताठ केल्याशिवाय कापायचा नाही आणि पातं आपल्या अंगाकडे आणायचं नाही, हे ती नव्या मुलींना रोज शिकवायची. टेम्पोवाल्याला तिने दोरी ओढून धरायला लावली. एक वेढा तुटला, दुसरा तुटला. घर्षणाने वितळून एकजीव झालेला भाग करवतीसारखा घासावा लागला. तोवर शेळ्या हाकणारे सगळे गप्प झाले होते. एकाने तिच्या डोक्यावर छत्री धरली, का ते त्यालाही ठाऊक नसावं. शेवटी फ्लेक्स मोकळा झाला आणि भाऊंचा चेहरा, मिशीसकट, 'हार्दिक' या शब्दाच्या अर्ध्या भागासकट, विकीच्या हातात आला. त्याने तो गुंडाळून काखेत मारला आणि दुसऱ्या क्षणी तोच जोरात शिट्टी वाजवून वाहतूक सोडू लागला. कोंडी आपणच फोडली असं तो संध्याकाळी भाऊंना सांगणार, यात शंका नव्हती.

"आक्का," टेम्पोवाला म्हणाला, "सोडू का कुठं? मी धोंडिराम. खुर्च्या अंधेरीलाच चालल्यात."

नलिनी त्याच्या शेजारी चढून बसली. हात काळे, पदराला ग्रीसचा हातभर पट्टा, केसातला गजरा खांद्यावर. तिने चाकू पुसून मिटला आणि श्रुतिकाला फोन लावला. वाजून बंद झाला. पुन्हा लावला. बाबांना लावला. कुणीच उचलेना.

मांडवात फोन कधी उचलत नाहीत, हे तिला माहीत होतं. मंगलाष्टकं सुरू झाली की.

मरोळ नाका मागे गेला, तिच्या गोदामाची गल्ली मागे गेली. तिला रडू येत होतं आणि ते येऊ नये म्हणून ती रस्त्यावरच्या पाट्या वाचत होती. लग्नाला आपण पोचू, जेवण मिळेल, फोटोतही कडेला उभं राहू, पण दिवा श्रुतिकाच्या हातात असेल. बरं, श्रुतिकाचा राग यावा तर ती पोर गुणाची. राग धरायला जागाच नव्हती, नुसतं दुःख होतं, आणि ते फार दुखत होतं.

"सावकाश चला, धोंडिरामभाऊ," ती म्हणाली. "लागलं असेल लग्न. आता वरातीमागून घोडं."

"कुणाचं लगीन?"

"भावाचं. मी करवली होणार होते."

धोंडिरामने तिच्याकडे पाहिलं, तिच्या पदरावरच्या ग्रीसकडे पाहिलं. "माझ्या टेम्पोपायी?"

"नाही हो. चाकूपायी."

त्याला काही उमजलं नाही. पण त्याने गिअर बदलला आणि सिग्नल पिवळा असताना टेम्पो असा काढला की मागे खुर्च्या खडखडल्या. "अक्षता पडल्याबिगर लगीन लागत न्हाई," तो म्हणाला. "तोवर माणसानं घाई करावी."

*

हॉलच्या फाटकाशी गर्दी होती. नलिनीला आधी वाटलं, वरात निघाली. मग वाटलं, काहीतरी झालं. ती टेम्पोतून उडीच मारून उतरली.

फाटक लोखंडी होतं, हिरव्या रंगाचं, माणसापेक्षा उंच. हर्षदने उजव्या हाताने त्याचा गज घट्ट धरला होता. डाव्या हातात लिंबू होतं. फेटा तिरका झालेला, मुंडावळ्या गालाला चिकटलेल्या, अंगावर भर दुपारचं ऊन, आणि चेहऱ्यावर एखाद्या मारुतीच्या मूर्तीचा निर्धार. त्याच्यासमोर जमिनीवर एक खिळा, एक पाना, हॉलच्या स्वयंपाकघरातला एक मोठा झारा आणि एक सांडशी अशी मांडणी होती. भटजी सावलीत बसून सरबत पीत होते. राजाराम घाम पुसत होते. आणि चंपाआत्या, जिच्यापुढे भावकीत कुणाची जीभ उचलत नसे, ती रडकुंडीला आली होती.

"मेल्या, चल रे आत. लोका हसतत."

"कसा येऊ?" हर्षद शांतपणे म्हणाला. "हळद लागलेल्या नवऱ्याने लोखंड सोडायचं नाही, तूच म्हणालीस. गाडीत दांडा धरायला लावलास. उतरल्यावर तिथला कठडा धरला, मग रस्त्यातले खांब धरत धरत आलो, आता हे फाटक आहे. पुढे मांडवापर्यंत नुसत्या फरश्या आहेत. मला नजर लागली तर?"

"झारो घे मा हातात."

"झारा देवापुढे ठेवला होता? दुसरा चालत नाही, तीच सुरी पाहिजे. ही रीत आहे आत्या, माझ्या हातात काय आहे?"

श्रुतिका नलिनीपाशी धावत आली. तिला हसू आवरत नव्हतं. "ताई, फोन कसा घेऊ, मी शूट करत होते. अर्धा तास तो असाच उभा आहे. भटजी म्हणाले मुहूर्त टळतोय, तर म्हणाला पुढचा काढा. गार्गीच्या बाबांनी त्याचा हात सोडवायला बघितला, तर गार्गीच वरून ओरडली की धरू दे त्यांना, मी चहा घेते."

नलिनीने वर पाहिलं. पहिल्या मजल्याच्या खिडकीत हिरवा शालू नेसलेली गार्गी कपबशी घेऊन उभी होती. तिने नलिनीला पाहून कप उंचावला आणि आत वळून कुणाला तरी सांगितलं, "आल्या."

नलिनी गर्दीतून पुढे गेली. गर्दी आपोआप बाजूला झाली. काळे हात, ग्रीसचा पदर, विस्कटलेला गजरा. तिने चाकू उघडून भावापुढे धरला. हर्षदने लिंबू टोकाला टोचलं. मग त्याने चाकूची मूठ धरली आणि मगच फाटक सोडलं.

"उशीर केलास," तो म्हणाला.

"ट्रॅफिक होतं," ती म्हणाली, आणि काळ्या हातांनीच तिने त्याचा तिरका फेटा सरळ केला.

आत्या दोघांकडे बघत होती. तिच्या रीतीत तीच अडकली होती आणि ते तिलाही कळलं होतं, हॉलमधल्या दोनशे माणसांनाही कळलं होतं. पण ती काही वाईट बाई नव्हती. रीत मोडलेली तिला सोसत नसे, एवढंच. तिने श्रुतिकाच्या हातातलं दिव्याचं ताम्हण घेतलं. चष्मा कपाळावर चढवला. नलिनीच्या पदरावरचा तो काळा पट्टा तिने स्वतःच्या हाताने आतल्या बाजूला दुमडला, निरी झटकली, गजरा नीट खोचला. मग ताम्हण नलिनीच्या हातात दिलं.

"आमच्यात रीतच आसा," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "जिची सुरी, तीच करवली."

"आई, ही रीत कधीपासून?" श्रुतिकाने विचारलं.

"पयल्यापासून. गप रव."

राजारामांनी "बघूया" म्हणायला तोंड उघडलं, आणि पहिल्यांदाच ते न बोलता मिटलं. भटजींनी सरबताचा पेला ठेवला. वाजंत्री वाजू लागली. धोंडिराम टेम्पो तसाच उभा करून अक्षता मागायला आला होता, त्याला कुणीतरी मूठभर दिल्या.

अंतरपाट धरला गेला. हर्षदच्या मागे, एका हातावर, जांभळ्या साडीत नलिनी उभी राहिली. दिवा तिच्या हातात होता आणि ज्योत सरळ होती. पहिलं मंगलाष्टक संपता संपता हर्षद जरासा मागे झुकला.

"ताई."

"गप उभा राहा."

"फाटक लय तापलं होतं गं," तो कुजबुजला. "हाताला फोड आलेत."

तिने खाली पाहिलं. त्याच्या मोकळ्या उजव्या तळव्याच्या कडेला हिरवा रंग चिकटला होता आणि त्याखाली कातडी लालभडक झाली होती. नलिनीचे डोळे भरून आले, त्यातच तिला हसू फुटलं, आणि दिवा डुलायला लागला.

"नलू," मागून आत्याचा आवाज आला, "दिवो सरळ धर. माझ्या भाच्याचा लगीन आसा."

नलिनीने दोन्ही हातांनी दिवा सरळ धरला.